बांधापलीकडून आलेलं बी

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थपासून आग्नेयेला अडीचशे किलोमीटरवर कोजोनप हे गाव आहे. गव्हाचा आणि मेंढ्यांचा हा मुलूख. पाऊस तिथल्या हिवाळ्यात पडतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये पेरण्या होतात आणि उन्हाळा तोंडावर आला की नोव्हेंबर-डिसेंबरात कापणीची धांदल उडते. २०१० चा नोव्हेंबर संपता संपता इथे वारा सुटला. एका शेतात कापून वाळत घातलेल्या पिकाची शेंगांनी भरलेली ताटं उडाली, रस्ता ओलांडून शेजारच्या रानात शिरली आणि एक किलोमीटरहून जास्त आतपर्यंत विखुरली. मोजदाद झाली तेव्हा अशी २४५ ताटं सापडली.

घटना एवढीच. कुणाला इजा झाली नाही, कुणाचं उभं पीक गेलं नाही. मात्र ती ताटं जीएम कॅनोलाची होती, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेल्या, मोहरीच्या कुळातल्या तेलबियांची. आणि ज्या रानात ती पडली, ते सेंद्रिय म्हणून प्रमाणित होतं. महिन्याभरात त्या शेताच्या सुमारे सत्तर टक्के क्षेत्राचं प्रमाणपत्र गेलं. पुढची सव्वापाच वर्षं हा वाद एकामागून एक न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिला. निकाल लागला, पण प्रश्न तिथेच राहिला. शेजारी-शेजारी दोन पद्धतींची शेती कायद्याला मान्य असेल, तर एकाचं बी दुसऱ्याच्या रानात गेल्यावर होणारा तोटा कोणी सोसायचा?

कोजोनपची ही हकिगत आपण वाचायला हवी, कारण हा प्रश्न आपल्याकडेही येऊन ठेपला आहे. पण ती समजून घ्यायची तर आधी तेरा वर्षं मागे, अमेरिकेत जावं लागतं.

ग्राहकांनी आखलेली रेघ

अमेरिकेच्या कृषी खात्याने सेंद्रिय अन्नाच्या राष्ट्रीय नियमांचा पहिला मसुदा डिसेंबर १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात तीन गोष्टींना वाव ठेवला होता: जनुक बदललेली बियाणी, किरणोत्साराची प्रक्रिया केलेलं अन्न आणि शहरी सांडपाण्याच्या गाळाचं खत. सेंद्रिय शेतकरी आणि ग्राहक खवळून उठले. खात्याकडे पावणेतीन लाखांहून अधिक सूचना-हरकती येऊन पडल्या. मसुदा मागे घ्यावा लागला, आणि डिसेंबर २००० मध्ये अंतिम नियम आले तेव्हा या तिन्ही गोष्टी वर्ज्य ठरल्या होत्या.

हा प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. सेंद्रिय अन्नात जीएम नको, ही रेघ विषबाधेच्या कुठल्या अहवालावरून आखली गेली नाही. ती आखली खाणाऱ्यांनी. अन्न कसं पिकवलं जातं, याबद्दल त्यांनी आपली इच्छा सांगितली आणि त्यासाठी जास्त दाम मोजायची तयारी दाखवली. सेंद्रिय शेतकऱ्याच्या मालाला मिळणारा वाढीव भाव हा त्या विश्वासाचा भाव असतो. पुढे कोजोनपच्या वादात न्यायालयांनी पुन्हा पुन्हा विचारलं, की जीएम रोपाने नुकसान काय केलं? रोपाने काहीच केलं नाही, हे खरंच होतं. नुकसान झालं ते विश्वासाचं, आणि विश्वासाचं मोल बाजारात पैशांतच चुकतं होत होतं.

कागदावरची रेघ शेतात पाळणं मात्र कठीण. १९९६ पासून अमेरिकेत जीएम सोयाबीन आणि मका व्यापारी तत्त्वावर पेरला जाऊ लागला होता. नको असलेलं बी रानात शिरायला अनेक वाटा असतात. पेरणीच्या बियाण्यातच ते मिसळून येतं. फुलोऱ्यात परागकणांबरोबर येतं. पेरणी आणि मळणीच्या यंत्रांच्या सांदीकोपऱ्यांत अडकून येतं. गोदामात, ट्रकमध्ये, गिरणीत दुसऱ्याच्या मालात मिसळतं. मक्यासारख्या वाऱ्यावर परागण होणाऱ्या पिकात तर बांधावर कितीही राखण केली तरी हवेला आवरता येत नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीला विस्कॉन्सिनमधल्या टेरा प्रिमा या छोट्या कंपनीला याचा फटका बसला. तिने युरोपात पाठवलेल्या सेंद्रिय मक्याच्या चिप्सची तिकडे तपासणी झाली आणि जीएम अंश सापडला. सुमारे ८७ हजार पाकिटं बाद झाली. माग काढत गेल्यावर तो मका टेक्सासमधल्या सेंद्रिय शेतातला निघाला आणि दोष शेजारून आलेल्या परागकणांवर गेला. शेतकऱ्याने नियम पाळले होते, कंपनीनेही पाळले होते, तरी माल गेला.

सप्टेंबर २००० मध्ये स्टारलिंक मक्याचं प्रकरण गाजलं. फक्त जनावरांच्या खाद्यासाठी परवानगी असलेला हा जीएम मका माणसांच्या खाण्यातल्या टॅको शेल्समध्ये सापडला आणि तीनशेहून अधिक पदार्थ बाजारातून परत बोलवावे लागले. सेंद्रिय शेतीशी त्याचा थेट संबंध नव्हता. पण धान्याच्या व्यवहारात एकदा सरमिसळ झाली की ती निस्तरणं किती अवघड, हे साऱ्या जगाला कळलं.

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात तर एक अख्खं पीकच सेंद्रिय शेतकऱ्यांच्या हातून गेलं. कॅनोला हे कॅनडातच सत्तरच्या दशकात विकसित झालेलं पीक. जीएम कॅनोला तिथे इतक्या झपाट्याने पसरला की शुद्ध बियाणं मिळणं आणि शुद्ध पीक काढणं, दोन्ही जवळजवळ अशक्य झालं. जानेवारी २००२ मध्ये तिथल्या सेंद्रिय शेतकऱ्यांनी बियाणं कंपन्यांवर सामूहिक दावा लावला. कॅनोला आमच्या पीकफेरातून निघून गेला, त्याची भरपाई द्या, अशी त्यांची मागणी होती. २००५ मध्ये न्यायालयाने हा दावा सामूहिक म्हणून चालवायला नकार दिला. अपीलही फेटाळलं गेलं आणि २००७ च्या डिसेंबरात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने दार बंद केलं. तोटा खरा की खोटा, याची पूर्ण सुनावणी झालीच नाही.

दोन शेजारी

ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय नियामकाने २००३ मध्ये जीएम कॅनोलाला परवाना दिला. आरोग्य आणि पर्यावरण या दोन कसोट्यांवर त्याने तो तपासला होता. बाजारपेठेचा प्रश्न राज्यांवर सोडला होता. पश्चिम ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी कायदा करून आपलं राज्य जीएममुक्त ठेवलं. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांनी २००८ मध्ये बंदी उठवली. पश्चिम ऑस्ट्रेलियात सरकार बदललं, चाचण्या झाल्या आणि जानेवारी २०१० च्या अखेरीला कृषिमंत्री टेरी रेडमन यांनी जीएम कॅनोलाला त्या बंदीतून सूट दिली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ९ फेब्रुवारी २०१० ला, आपल्याकडे तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी या जीएम वांग्याला स्थगिती दिली.

सूट देताना सरकारने शेतकऱ्याच्या निवडीच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार केला. ज्याला जीएम पेरायचं त्याने पेरावं, ज्याला नको त्याने पेरू नये. दोघांनी शेजारी-शेजारी कसं नांदायचं, यासाठी ठोस असं फारसं काही नव्हतं. जीएम कॅनोला आणि साधा कॅनोला यांच्यात पाच मीटर मोकळी जागा सोडावी, असा बियाणं उद्योगाचा संकेत होता. सेंद्रिय शेतासाठी वेगळं अंतर नव्हतं, आणि नुकसान झालंच तर भरपाई कोण देणार, याचा उल्लेख नव्हता.

कोजोनपच्या मायकेल बॅक्स्टर यांनी त्याच हंगामात राउंडअप रेडी हा जीएम कॅनोला पेरला. यामागचं कारण समजून घ्यायला हवं, नाहीतर ही गोष्ट एका सज्जनाची आणि एका दुर्जनाची होऊन बसेल. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्यात रायग्रास हे तण शेतकऱ्यांच्या नाकी नऊ आणतं. एकेका तणनाशकाला ते दाद देईनासं झालं आहे. राउंडअप रेडी कॅनोलावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं तर तण मरतं आणि पीक उभं राहतं. ज्याच्या रानात रायग्रास माजलं आहे, त्याला हा वाण सोयीचा वाटावा, यात नवल नाही. बी परवानगीचं होतं, पीक कायदेशीर होतं.

रस्त्यापलीकडे स्टीव्ह मार्श यांचं सुमारे ४७८ हेक्टरांचं शेत होतं. त्याचं नाव ईगल रेस्ट. मार्श कुटुंब तिथे ओट्स, राय आणि स्पेल्ट हा जुन्या वाणाचा गहू सेंद्रिय पद्धतीने घेत असे. मेंढ्याही सेंद्रिय पद्धतीने पाळल्या होत्या. कॅनोला ते लावतच नसत. त्यांचं प्रमाणपत्र ‘नासा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय सेंद्रिय संघटनेच्या प्रमाणीकरण संस्थेकडून आलं होतं. जीएमबाबत या संघटनेचं धोरण शून्य सहनशीलतेचं होतं. मार्श यांनी जीएमबद्दलची आपली धास्ती लपवली नव्हती. शेजारी काय पेरतोय आणि त्याने आपलं काय बिघडू शकतं, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं.

कॅनोला काढण्याच्या दोन रीती आहेत. एक, उभं पीक थेट कापणी-मळणी यंत्रात घालायचं. दुसरी, पीक थोडं आधी कापून रानात त्याचे कडपे टाकायचे, दोन-तीन आठवडे वाळू द्यायचे आणि मग मळायचे. कडपे टाकल्याने पीक एकसारखं वाळतं आणि शेंगा फुटून होणारा तोटा टळतो. पद्धत जुनी, सर्रास वापरातली. बॅक्स्टर यांनी सल्लागाराच्या सांगण्यावरून त्या वर्षी ती निवडली. कडपे वाळत पडले आणि वारा सुटला.

प्रामाणिकपणाची किंमत

मार्श यांनी आपल्या रानात पडलेली ताटं पाहिली आणि प्रमाणीकरण संस्थेला कळवलं. २९ डिसेंबर २०१० ला संस्थेने ईगल रेस्टच्या सुमारे ३२५ हेक्टरांचं प्रमाणपत्र काढून घेतलं. ते परत मिळायला ऑक्टोबर २०१३ उजाडला. त्या काळात त्या रानातला माल सेंद्रिय म्हणून विकता येत नव्हता.

त्या शेतात प्रत्यक्ष काय उगवलं? कॅनोलाचं बी मोहरीसारखं बारीक असतं, एका ग्रॅममध्ये शेकड्यांनी मावतं आणि मातीत काही वर्षं जिवंत राहू शकतं. संस्थेला भीती होती ती याचीच. पुढच्या वर्षी ईगल रेस्टवर जीएम कॅनोलाची आपसूक उगवलेली आठ रोपं मिळाली. ती उपटून टाकली गेली. कॅनोलाचा ओट्सशी किंवा गव्हाशी संकर होत नाही, त्यामुळे मार्श यांच्या धान्यात जीएम जनुक उतरण्याचा संभव नव्हता. मेंढ्यांच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता.

या प्रकरणाचं मर्म मला इथे दिसतं. शून्य सहनशीलतेचा नियम ग्राहकाचा विश्वास राखण्यासाठी केला होता. त्याचा हेतू निर्मळ होता. पण रानात पडलेलं बी आणि पोत्यात भरलेल्या धान्यातलं जनुक यांत फरक न करता तो लावला गेला, तेव्हा तो ज्याच्या रक्षणासाठी होता त्याच्यावरच उलटला. ज्याने पेरलं त्याला काही झालं नाही, आणि ज्याने पाहिलं आणि खरं सांगितलं त्याचं प्रमाणपत्र गेलं. अशा नियमाचा दूरगामी परिणाम आणखी वाईट असतो. खरं सांगितल्यावर तीन वर्षांची कमाई जात असेल, तर पुढचा शेतकरी संध्याकाळी गुपचूप रोपं उपटील आणि कोणाला काही सांगणार नाही. मग ग्राहकाचा विश्वास कसा टिकणार?

पर्थचा निकाल

मार्श यांनी बॅक्स्टर यांच्यावर दावा लावला. निष्काळजीपणा आणि उपद्रव, असे दोन आरोप होते. यापुढे ठरावीक अंतराच्या आत जीएम कॅनोलाचे कडपे टाकू नयेत, असा मनाई हुकूमही मागितला होता. दावा सिद्ध झाला तर नुकसानीचा आकडा ८५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर धरायचा, असं दोन्ही पक्षांनी मान्य केलं होतं. सुनावणीला फेब्रुवारी २०१४ मध्ये पर्थमधल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात सुरुवात झाली तेव्हा हे दोन शेतकरी दोन विचारांचे प्रतिनिधी बनले होते. मार्श यांच्यामागे सुरक्षित अन्नासाठी झटणारी संस्था आणि देशभरच्या देणगीदारांचा पैसा, बॅक्स्टर यांच्यामागे मोठ्या पशुपालक-शेतकऱ्यांची संघटना.

न्यायमूर्ती केनेथ मार्टिन यांनी २८ मे २०१४ ला दोन्ही आरोप फेटाळले. कायदेशीर पीक घेणाऱ्या आणि रुळलेल्या पद्धतीने त्याची कापणी करणाऱ्या शेतकऱ्याला केवळ तेवढ्यावरून जबाबदार धरता येणार नाही, असं त्यांचं मत पडलं. पुढे जाऊन त्यांनी म्हटलं, की प्रमाणीकरण संस्थेने स्वतःचेच निकष चुकीच्या रीतीने लावले. मार्श यांच्या पिकात जीएम गुण उतरलेलाच नव्हता, मग प्रमाणपत्र काढण्याचं कारण काय? तोटा झाला असेल तर तो मार्श आणि संस्था यांच्यातल्या करारामुळे झाला, वाऱ्यावर आलेल्या ताटांमुळे नव्हे. पुढे मार्श यांनी बॅक्स्टर यांचा खर्च द्यावा, असा आदेश झाला. तो आकडा आठ लाख डॉलरांच्या वर होता, म्हणजे मूळ नुकसानीच्या नऊपटीहून जास्त.

३ सप्टेंबर २०१५ ला अपिलाचा निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. न्यायमूर्ती न्यून्स आणि मर्फी यांनी अपील फेटाळलं. त्यांच्या तर्काचं मूळ इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेत आहे. १८८९ च्या रॉबिन्सन विरुद्ध किलव्हर्ट या खटल्यात तळघरातल्या धंद्याच्या उष्णतेने वरच्या मजल्यावरचा एक खास प्रकारचा कागद खराब झाला होता. साध्या कागदाला त्या उष्णतेचा त्रास झाला नसता. असामान्य नाजूक माल ठेवायचा आणि त्याचा भार शेजाऱ्यावर टाकायचा, हे न्यायालयाने तेव्हा अमान्य केलं. कोजोनपच्या बाबतीत बहुमताचं म्हणणं त्याच वळणाचं होतं. मार्श यांनी स्वेच्छेने एका खासगी संस्थेशी कडक करार केला आणि त्यामुळे त्यांचं रान इतरांपेक्षा जास्त संवेदनशील झालं. त्या कराराचं ओझं शेजाऱ्याने का वाहावं?

अपील न्यायालयाच्या अध्यक्ष न्यायमूर्ती कार्मेल मॅक्लूर यांनी वेगळं मत नोंदवलं. सेंद्रिय शेती हा जमिनीचा काही विचित्र वापर नव्हे, असं त्यांना वाटलं. शेजारी काय पिकवतो, त्याचं काय पणाला लागलं आहे, हे बॅक्स्टर यांना माहीत होतं. उपद्रवाचा दावा मान्य व्हायला हवा होता, असा त्यांचा निष्कर्ष. पण ते अल्पमत राहिलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, म्हणजे देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, पुढच्या अपिलाला परवानगी नाकारली. त्याच वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियाने आपला जीएममुक्त क्षेत्रांचा कायदाच रद्द करून टाकला.

बहुमताच्या तर्कात ताकद आहे, हे मान्य करायला हवं. कोणीही कुठल्याही संस्थेशी करार करून शेजाऱ्याची बंधनं वाढवत जाऊ शकत नाही. तरीही न्यायमूर्ती मॅक्लूर यांचं म्हणणं मला अधिक न्याय्य वाटतं. दोघांचीही शेती कायदेशीर होती. दोघांनाही एकमेकांच्या शेतीची कल्पना होती. आणि कडपे टाकायचे की थेट मळणी करायची, ही निवड ज्याच्या हातात होती, त्याच्याच हातात तोटा टाळण्याचा सोपा उपायही होता. मात्र याहून मोठी गोष्ट अशी, की न्यायाधीशांपुढे शेजारपणाचे शतकांपूर्वीचे सिद्धांत तेवढे होते. विधिमंडळाने जो नियम करायला हवा होता, तो केलाच नव्हता.

कार्ल्सरूहेचा निकाल

हा नियम करता येतो, हे दुसऱ्या एका देशाने दाखवलं होतं, आणि तेही नेमक्या त्याच आठवड्यांत. जर्मनीत कार्ल्सरूहे इथे घटनात्मक न्यायालय आहे. २४ नोव्हेंबर २०१० ला, म्हणजे कोजोनपमध्ये कडपे वाळत होते त्याच सुमाराला, या न्यायालयाने देशाचा जनुकतंत्रज्ञान कायदा वैध ठरवला. झाक्सन-आनहाल्ट राज्याच्या सरकारने त्याला आव्हान दिलं होतं. या कायद्यानुसार जीएम पेरणाऱ्याच्या रानातून सरमिसळ होऊन शेजाऱ्याला आपला माल सेंद्रिय म्हणून विकता आला नाही, तर तो तोटा जीएम पेरणाऱ्याने भरून द्यायचा. नेमकं कोणाच्या रानातून आलं हे सांगता येत नसेल, तर आसपासच्या सगळ्या जीएम शेतकऱ्यांवर मिळून जबाबदारी. जीएम मका कुठे पेरला आहे याची सार्वजनिक नोंद ठेवायची. २००८ च्या नियमाने अंतरंही ठरवून दिली: साध्या मक्याच्या शेतापासून १५० मीटर, सेंद्रिय मक्याच्या शेतापासून ३०० मीटर.

डेन्मार्कने २००४ मध्येच याहून सौम्य वाट काढली होती. जीएम पेरणाऱ्याने दर हेक्टरी १०० क्रोनर एका निधीत भरायचे आणि शेजाऱ्याचा तोटा आधी त्या निधीतून द्यायचा. शेजाऱ्यावर दावा लावण्याची वेळच येऊ नये, हा यामागचा विचार. युरोपीय संघाच्या नियमानुसार अनवधानाने आणि टाळता न येण्यासारखा ०.९ टक्क्यांपर्यंतचा अंश असेल तर अन्नावर जीएमचं लेबल लावावं लागत नाही. म्हणजे तिथे शून्याऐवजी एक मोजता येण्याजोगी मर्यादा आहे.

या युरोपीय व्यवस्थांची कसोटी फारशी लागली नाही, हेही सांगायला हवं. जर्मनीने एप्रिल २००९ मध्ये तिथे पेरल्या जाणाऱ्या जीएम मक्यावर बंदी घातली होती. जबाबदारी इतकी कडक ठेवली की कोणी जीएम पेरणारच नाही, असा टीकाकारांचा आक्षेप असतो आणि त्यात तथ्य आहे. पण नियम नसण्याचीही किंमत कोणीतरी मोजतच असतो.

अमेरिकेत ती सेंद्रिय शेतकरी मोजतो. तिथला नियम प्रक्रियेवर भर देतो. शेतकऱ्याने जाणूनबुजून जीएम वापरलं नसेल आणि योग्य काळजी घेतली असेल, तर नकळत आलेल्या अंशामुळे प्रमाणपत्र आपोआप जात नाही. हा भाग शहाणपणाचा आहे. मार्श अमेरिकेत असते तर वाऱ्याने आलेल्या ताटांपायी त्यांचं शेत यादीतून आपोआप गेलं नसतं. मात्र शेवटी खरेदीदार माल तपासतो आणि अंश निघाला तर परत पाठवतो. ही झळ शेतकऱ्यालाच बसते. २०१४ च्या सरकारी सेंद्रिय पाहणीत ९२ शेतांनी २०११ ते २०१४ या काळात अशा सरमिसळीने मिळून ६१ लाख डॉलरांचा तोटा झाल्याचं सांगितलं. शिवाय बांधालगत पट्टा मोकळा सोडणं, शेजाऱ्याचा फुलोरा टाळायला पेरणी पुढे ढकलणं, यंत्रं धुणं, प्रत्येक खेप तपासणं, हा सगळा रोजचा खर्च सेंद्रिय शेतकऱ्याच्याच खिशातून जातो.

विदर्भातली सरकी, दिल्लीतली मोहरी

आपल्याकडे मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर तो पसरला. विदर्भात सेंद्रिय कापूस घेणारे शेतकरी होते, आजही आहेत. भारताच्या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमात जीएम वर्ज्य आहे. पण चहूबाजूंनी बीटी असताना बिगरबीटी सरकी मिळवायची कुठून, शेजारच्या फुलावरून आलेली मधमाशी अडवायची कशी आणि जिनिंगमध्ये आपला कापूस वेगळा राहील याची खात्री कोणी द्यायची? जानेवारी २०१० मध्ये जर्मनीतल्या एका वृत्तपत्राने भारतातल्या सेंद्रिय कापसात जीएम अंश सापडल्याची बातमी दिली तेव्हा युरोपातले खरेदीदार बिथरले. कापूस हा केवळ कपड्याचा विषय नाही. सरकीचं तेल आपल्या खाण्यात येतं आणि सरकीची पेंड दुभत्या जनावरांच्या गव्हाणीत.

जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने तणनाशकाला दाद न देणारा, परवानगी नसलेला कापूस जाहीरपणे पेरला. निंदणीला माणूस मिळत नाही आणि मजुरी परवडत नाही, हे त्यांचं गाऱ्हाणं खरं होतं. कोजोनपच्या बॅक्स्टर यांना रायग्रासने जिथे आणलं, तिथेच विदर्भातल्या शेतकऱ्याला तणाने आणि मजुरीने आणलं. पण परवानगीविना पेरलेल्या बियाण्याची कुठे नोंद नसते, अंतराचा नियम नसतो आणि शेजाऱ्याला पूर्वसूचनाही नसते. सेंद्रिय शेतकऱ्याला कोणाकडे बोट दाखवायचं हेही कळत नाही.

आणि आता मोहरी. दिल्ली विद्यापीठात विकसित झालेल्या डीएमएच-११ या जीएम मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय मान्यता मिळाली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या मान्यतेवर परस्परविरोधी निकाल दिले. पण जीएम पिकांबाबत सर्व संबंधितांशी बोलून राष्ट्रीय धोरण आखलं पाहिजे, यावर दोघांचं एकमत होतं. कॅनोला आणि मोहरी एकाच कुळातली. बारीक बी, मातीत टिकणारं, आणि मधमाश्यांनी व वाऱ्याने पसरणारे परागकण. फरक एवढाच, की कोजोनपला शेतं शेकडो हेक्टरांची होती आणि आपल्याकडे बांधाला बांध लागून एक-दोन एकरांचे तुकडे आहेत. तीनशे मीटर अंतर ठेवायचं म्हटलं तर कित्येक शेतकऱ्यांचं अख्खं रान त्यात जाईल. मार्श यांच्याकडे दाव्यासाठी देणगीदार उभे राहिले. आपल्या दोन एकरवाल्याकडे वकिलाच्या पहिल्या तारखेचे पैसेही नसतात.

म्हणून या धोरणात जीएम हवं की नको, एवढ्या वादापुरतं थांबून चालणार नाही. परवानगी मिळालीच, तर तिच्याबरोबर चार गोष्टी आल्या पाहिजेत. कोणत्या गट क्रमांकात जीएम पीक आहे याची गावपातळीवर उघडी नोंद. तोटा सोसायला एक निधी, ज्यात बियाण्याच्या प्रत्येक पाकिटामागे बियाणं कंपनी पैसे भरील, कारण नफा तिथून सुरू होतो. सरमिसळ आपणहून कळवणाऱ्या सेंद्रिय शेतकऱ्याला संरक्षण, आणि रानात आलेलं बी व मालात उतरलेलं जनुक यांत फरक करणारे प्रमाणीकरणाचे निकष. आणि छोट्या शेतांच्या प्रदेशात एकट्या-दुकट्या शेताऐवजी अख्ख्या गावाने किंवा शिवाराने मिळून काय पेरायचं ते ठरवण्याची कायदेशीर सोय.

यातलं काहीही विज्ञानाला विरोध करणारं नाही. जीएमवर विश्वास असणाऱ्यालाही हे मान्य करता येईल, कारण ज्याला आपल्या बियाण्याची खात्री आहे त्याला त्याची जबाबदारी घ्यायला अडचण नसावी. कोजोनपमध्ये हे आधी ठरलं नव्हतं, म्हणून ८५ हजार डॉलरांच्या तोट्यापायी आठ लाखांहून अधिक डॉलरांचा खर्च झाला आणि त्यातून एकाही शेतकऱ्याला पुढे कसं वागायचं हे कळलं नाही. आपलं राष्ट्रीय धोरण अजून लिहायचं आहे. तोटा कोणी भरायचा, हे कलम जीएम अन्नपिकाच्या पहिल्या पेरणीआधी त्यात आलं पाहिजे. पेरणी झाल्यावर ते लिहिलं, तर त्याची किंमत पुन्हा त्यालाच मोजावी लागेल, ज्याने काही पेरलेलं नव्हतं.